धूर, शेरी आणि एक लार्ज पेग

ज्या वैद्यकबंधूंनी जुन्या रुग्णालयांत उमेदवारी केली, त्यांच्या नाकाला कार्बोलिकचा वास कायमचा चिकटलेला असतो. जखमा निर्जंतुक करण्यासाठी फिनॉलचा उपयोग लिस्टरने १८६७ साली ‘लॅन्सेट’मधून मांडला, तेव्हापासून हा वास आणि शस्त्रक्रियागृह यांची सांगड बसली. तोच वास भारी किमतीच्या व्हिस्कीच्या पेल्यातून यावा आणि पिणाऱ्याने डोळे मिटून त्याची तारीफ करावी, याचे अनेकांना नवल वाटते. वस्तुतः दोन्हीकडची वासद्रव्ये एकाच कुळातली आहेत.

स्कॉटलंडच्या दलदलीत शेवाळ व गवत हजारो वर्षे अर्धवट कुजत राहून जो थर बनतो, त्याला पीट म्हणतात. तो विटांसारखा कापून, वाळवून जाळतात. सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात, केवळ मोड आलेल्या जवापासून काढलेली व्हिस्की. आपण मटकीला मोड आणतो तसेच जवाला आणायचे आणि मग दाणा वाळवून वाढ थांबवायची. त्या वेळी पीटचा धूर दिला, की फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल ही द्रव्ये दाण्यात मुरतात. त्यांचे प्रमाण दशलक्षांशात मोजतात. इस्ले बेटावरील आर्डबेगसाठी वापरल्या जाणाऱ्या जवात ते सुमारे ५५ असते. हा आकडा जवाचा, बाटलीचा नव्हे. ऊर्ध्वपातनात त्यातले बरेचसे मागे राहते. ग्वायाकॉल तर आपल्या रोजच्या ओळखीचे! खोकल्याच्या औषधातील ग्वायफेनेसिन हे त्याचेच अपत्य.

या धुराचा मराठी आडनावाशी संबंध जुळला तो बंगळूरला. आपल्या काचीगुड्याहून सायंकाळी यशवंतपूरच्या गाडीत बसावे, तर सकाळी त्या शहरात उतरावे. तेथे राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली ‘अमृत’ डिस्टिलरी काढली. मसूरच्या जगदाळ्यांचे नाव शिवकालाच्या वाचकांना सांगायला नको. राधाकृष्णरावांचे पुत्र नीलकंठराव यांनी (निधन २०१९) धंदा वाढवला. नातू रक्षित हे न्यूकॅसल येथे व्यवस्थापनशास्त्र शिकत असता, ब्रिटनमधील भारतीय उपाहारगृहांत भारतीय सिंगल माल्ट खपेल काय, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ऑगस्ट २००४ मध्ये ‘अमृत’ सिंगल माल्ट बाजारात आली ती थेट ग्लासगोत. काशीत जाऊन गंगाजल विकण्यासारखेच हे धाडस! पुढे ‘फ्यूजन’ आली. तिच्यात तीन हिस्से भारतीय जव आणि एक हिस्सा धूर दिलेले स्कॉटिश जव. जिम मरे यांच्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’ने तिला शंभरपैकी ९७ गुण देऊन जगात तिसरी ठरवले.

शेरीचे काम धुराच्या नंतरचे. शेरी ही स्पेनच्या दक्षिणेकडील हेरेथ परिसरातील द्राक्षमदिरा. तिची ओकची पिंपे व्हिस्कीसाठी वापरली, की मनुका, अंजीर, अक्रोड यांची आठवण देणारा गोडवा व गडद रंग येतो. पेद्रो हिमेनेथ जातीची द्राक्षे तर उन्हात वाळवून मगच पिळतात, म्हणून तिच्या पिंपातून उतरणारी गोडी विशेष दाट. धुराची रुक्षता आणि मनुकांची गोडी यांची जोडी जमवणे कठीण. शेरीचा हात जड झाला तर धूर बुडतो, आणि हलका पडला तर पिंपाचा खर्च वाया जातो. ‘अमृत’ने धुराचे माल्ट शेरीच्या एकेका पिंपात मुरवून बाटलीबंद केले आहे. हरियाणात कर्नाल जिल्ह्यातील इंद्री येथील कारखान्याची २०२३ ची दिवाळी आवृत्तीही अशीच, म्हणजे धूर अधिक पेद्रो हिमेनेथची पिंपे. त्या वर्षी ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत, नाव झाकून घेतलेल्या चाचणीत ती सर्वश्रेष्ठ ठरली. (भाऊसाहेबांनी १७६० साली जिंकलेले कुंजपुरा याच जिल्ह्यातले.)

आपल्या हवेत मात्र पिंपाचे गणित बदलते. मुरताना पिंपातून जे उडून जाते, त्याला स्कॉटिश लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. तिकडे तो वर्षाला सुमारे दोन टक्के, तर बंगळूरला दहाच्या पुढे. पाच वर्षांत जवळजवळ निम्मे पिंप हवेत जाते. मोबदला असा, की उष्णतेमुळे लाकडाचा अर्क झपाट्याने उतरतो, आणि तिकडे ज्याला बारा-पंधरा वर्षे लागतील तो रंग इकडे चार-पाच वर्षांत येतो. बाटलीवर वयाचा आकडा नाही म्हणून भारतीय माल्टला कमी लेखणारे लोक हवामान विसरतात, असे माझे मत आहे.

हे कौतुक मनापासून केले. आता दवाखान्यातली गोष्ट. काचीगुड्यात माझ्यासमोर बसणारे कित्येक सुशिक्षित रुग्ण विचारतात, “डॉक्टरसाहेब, मी साधी घेत नाही, सिंगल माल्टच घेतो. ती शुद्ध असते ना?” हा प्रश्न अगदीच निराधार नाही. आपल्याकडील स्वस्त व्हिस्की पुष्कळदा साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची असते, आणि युरोपच्या कायद्याने तिला व्हिस्की म्हणताच येत नाही. पण यकृताला मळी आणि जव यांतला फरक कळत नाही. त्याच्यापुढे येते ते इथेनॉल, आणि त्याचे होते ॲसिटाल्डिहाइड.

म्हणून मी रुग्णासमोर कागदावर हिशेब मांडतो. बाजारातल्या साध्या व्हिस्कीत ४२.८ टक्के मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम इथेनॉल जाते. इंद्रीच्या त्या दिवाळी आवृत्तीत ५८.५ टक्के, म्हणजे तेवढ्याच पेगमध्ये जवळजवळ २८ ग्रॅम. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्ययुक्त पेयांना १९८८ सालीच पहिल्या गटातील कर्ककारक ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तन ही त्याची ठिकाणे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तरीही “हृदयाला एक पेग चांगला” हे वाक्य लग्नाच्या पंगतीत अजून आपल्याच व्यवसायातील मंडळींच्या तोंडून ऐकू येते, आणि ऐकणारा ते औषधाच्या चिठ्ठीसारखे जपून ठेवतो.

केसपेपरवर “कधीमधी घेतात” हा शेरा मी लिहीत नाही. बाटलीचे नाव, तिच्यावरचे टक्के, किती मिलिलिटर आणि आठवड्यातून किती वेळा, एवढे विचारून लिहितो. एक मिनिट लागते. टक्क्यांचा आकडा बहुतेकांना ठाऊक नसतो. पुढच्या खेपेला ते वाचून येतात.