बिली गिलमोर: मधल्या फळीतला नाजूक हुद्दा

मागच्या भागानंतर इंदूरच्या एका वडिलांनी विचारलं होतं, "कर्नलसाहेब, मुलगा पंधरा वर्षांचा आहे, फुटबॉल चांगला खेळतो, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या अकादमीचं बोलावणं आलंय. पाठवू का?" हो किंवा नाही असं एका शब्दात सांगणं मला बरं वाटत नाही. त्यापेक्षा एका मुलाची सगळी वाटचाल सांगतो. मुलगा स्कॉटलंडचा, नाव बिली गिलमोर.

जन्म ११ जून २००१, अर्विन गावी. वाढला आर्ड्रोसनमध्ये. हे एअरशर भागातलं छोटं बंदर, इथून ॲरन बेटाला फेरी सुटते. एअरशरचं नाव फौजी माणसाला अनोळखी नाही. आपला ड्युरँड कप १८८८ साली सिमल्यात सुरू झाला, तेव्हा पहिला विजेता संघ होता रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स. या पलटणीचा डेपो एअर शहरात होता आणि तिची भरती मुख्यतः याच मुलखातून व्हायची. म्हणजे आपल्या डोंगरावर पहिला कप जिंकणारे गडी याच्याच गाववाले म्हणायचे.

स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनने २०१२ मध्ये काही सरकारी शाळा निवडून त्यांत फुटबॉलचं शिक्षण अभ्यासाच्या वेळापत्रकातच बसवलं. किल्मार्नॉकची ग्रेंज अकॅडमी त्यांपैकी एक, बिली तिथला. इंदूरच्या वडिलांनी हे जरूर टिपून ठेवावं: शाळा सुटली नव्हती, शाळेतच खेळ आला होता. जोडीला ग्लासगोच्या रेंजर्स क्लबची अकादमी. पंधराव्या वर्षी तो रेंजर्सच्या मुख्य संघाबरोबर सराव करत होता.

आणि २०१७ मध्ये, सोळा पूर्ण होताच, लंडनच्या चेल्सीने त्याला उचललं. भरपाई म्हणून रेंजर्सला सुमारे ५ लाख पौंड मिळाल्याच्या बातम्या होत्या. स्कॉटलंडच्या क्लबांचं हे जुनं दुखणं आहे. मूल सात-आठ वर्षांचं असल्यापासून घडवायचं यांनी आणि नेमकं फळ धरताना तोडून न्यायचं इंग्लंडने. पुढे २०२२ मध्ये सेल्टिकचा बेन डोक असाच लिव्हरपूलला गेला. ब्रेक्झिटनंतर तर इंग्लिश क्लबांना युरोपातली अठराखालची मुलं घेता येत नाहीत, त्यामुळे स्कॉटिश मुलांवरचा डोळा आणखी तीक्ष्ण झाला.

आता त्याचं काम काय ते समजून घेऊ, कारण टीव्हीवर ते दिसतच नाही. बिली मधल्या फळीत, बचावफळीच्या अगदी पुढे खेळतो. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, अंगकाठी किरकोळ. गोल करणं त्याच्या खात्यात जवळपास नाहीच. बचावपटूकडून चेंडू घ्यायचा आणि शत्रू अंगावर यायच्या आत योग्य माणसाकडे पोचवायचा, एवढंच. पण हे "एवढंच" म्हणजे पलटणीतल्या सिग्नल्सचं काम आहे. संपर्क चालू असेपर्यंत कोणाला आठवण होत नाही, तुटला की सगळी पलटण आंधळी. पुढचा सामना पाहाल तेव्हा पाच मिनिटं चेंडूकडे पाहू नका, फक्त याच्या मानेकडे पाहा. पास येण्याआधी दोन-तीनदा खांद्यावरून मागे नजर जाते. मागे कोण आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे तो अर्धा वळूनच चेंडू घेतो आणि पहिल्याच स्पर्शात पुढे तोंड करतो.

चेल्सीत दार उघडलं तेही गमतीने. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या भरतीत नियम मोडले म्हणून फिफाने २०१९ मध्ये चेल्सीवर खेळाडू घ्यायची बंदी घातली. मग प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्डला घरच्याच मुलांकडे वळावं लागलं. ३ मार्च २०२० रोजी एफए कपमध्ये लिव्हरपूलविरुद्ध अठरा वर्षांचा बिली सामनावीर ठरला. पाच दिवसांनी एव्हर्टनविरुद्ध पुन्हा तेच. लगेच कोविडने जगच बंद पडलं आणि जुलैत गुडघा दुखावून शस्त्रक्रिया झाली.

१८ जून २०२१. युरो स्पर्धा, वेम्ब्ली, समोर इंग्लंड. १९९८ नंतर स्कॉटलंडचा पुरुष संघ प्रथमच मोठ्या स्पर्धेत होता. विसाव्या वाढदिवसाला आठवडा झालेला बिली देशासाठी पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळला. गोलशून्य बरोबरी, आणि सामनावीर हाच. तीन दिवसांनी त्याला कोविड निघाला. तो नसताना क्रोएशियाने ३-१ ने हरवलं आणि स्कॉटलंड बाहेर.

त्यानंतरचं वर्ष मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चेल्सीने त्याला नॉर्विचला लोनवर धाडलं. लोन म्हणजे आपल्याकडची अटॅचमेंट: माणूस एका पलटणीचा, हुकूम दुसरीचा. नॉर्विच सतत हरणारा संघ. चेंडू बहुतेक वेळ शत्रूकडे, मग चेंडू फिरवणाऱ्याने करायचं काय? हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलला, संघ तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरला आणि स्वतःच्याच प्रेक्षकांनी या पोराला "चेल्सीला परत जा" अशा घोषणा ऐकवल्या. वर्षभरापूर्वी देशाचा लाडका असलेला हाच मुलगा! कौशल्य आटलं नव्हतं, नेमणूक चुकीची होती. फौजेत मी असे अधिकारी पाहिलेत. नकाशा वाचण्यात पहिला नंबर, आणि नेमलं कुठे, तर गोदामावर.

सप्टेंबर २०२२ मध्ये तो ब्रायटनला गेला. ज्या ग्रॅहम पॉटरने त्याला घेतलं, तो आठवड्याभरात स्वतःच चेल्सीचा प्रशिक्षक होऊन निघून गेला. बिली बाकावर बसला, थांबला. नवे प्रशिक्षक डे झेर्बी यांना आपल्या गोलपासून पासामागून पास देत वर चढणारा खेळ हवा होता, म्हणजे नेमका बिलीचा. कैसेदो आणि मॅकॲलिस्टर विकले गेल्यावर २०२३-२४ मध्ये त्याला हक्काची जागा मिळाली.

ऑगस्ट २०२४ मध्ये तो नापोलीला गेला, त्याच दिवशी स्कॉट मॅकटॉमिनेही. स्कॉटिश मुलं पूर्वी सहसा इंग्लंडपलीकडे पाहत नसत. नापोलीत चेंडू फिरवण्याची पहिली जागा लोबोत्काची, बिली दुसऱ्या क्रमांकावर. हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात लोबोत्का जखमी झाला, तेव्हा त्या जागी हाच उभा राहिला. नापोलीचे गुण ८२, इंटरचे ८१. एका गुणाने विजेतेपद! हार-तुरे मॅकटॉमिनेला, आणि ते योग्यच, गोल त्याने केले होते.

तर इंदूरच्या भाऊंना माझा उलटा सवाल: त्या अकादमीत मुलाची शाळा चालू राहणार का, आणि तिथला प्रशिक्षक कोणत्या पद्धतीचा खेळ शिकवतो? बोलावणाऱ्याचं नाव किती मोठं, हे त्यानंतर पाहा. दोन उत्तरं लेखी मागा, मग मला कळवा.

१८ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ ने हरवून १९९८ नंतर प्रथमच विश्वचषक गाठला. बिली दुखापतीमुळे त्या रात्री संघात नव्हता.