दिवाणखान्यातला समुद्र

आमच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याचा चहा हमखास गार होतो. कप हातात तसाच राहतो आणि डोळे कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीवर खिळतात. मग दोन ठरलेले प्रश्न येतात. "हे खरंच खाऱ्या पाण्यातले मासे?" आणि "ह्यांचं तुम्हांला फार करावं लागत असेल, नाही?"

करावं लागतं, पण माशांचं कमी, पाण्याचंच जास्त. एवढी एक गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली आणि त्यापायी सात मासे गेले. तुमच्यापैकी कुणाला हा नाद लागणार असेल, तर तिचे तरी मासे वाचावेत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझं माहेर गिरगावातलं. १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मे महिन्यात वडील आम्हां भावंडांना तिथं न्यायचे. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो चिमुकला मासा, क्लाउनफिश, मी तिथं काचेला नाक लावून पाहिला आणि मनात ठेवून दिला. लग्न होऊन डोंबिवलीला आले, मुलं झाली. २००२ साली ह्यांना थोडा बोनस मिळाला. बांगड्यांऐवजी मी चार फुटी, सव्वादोनशे लिटरची टाकी मागितली! सासूबाई म्हणाल्या, "ताटात सुरमई नि दिवाणखान्यात पण मासेच! काय म्हणावं बाई तुला!"

विरजण लागू द्या

पहिली चूक उत्साहाची. ह्यांनी किनाऱ्यावरून चार कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं. बाकीचं नळाचं पाणी आणि त्यात स्वयंपाकघरातलं मीठ. त्याच संध्याकाळी मी तीन मासे सोडले. पाचव्या दिवशी टाकी रिकामी. शहराजवळच्या किनाऱ्याचं पाणी म्हणजे निम्मं गटाराचं, आणि नुसत्या मिठाचं पाणी म्हणजे काही समुद्र नव्हे. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. त्यासाठी खास मीठ विकत मिळतं. फिल्टरच्या शुद्ध पाण्यात ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम घालायचं.

पण पाणी बरोबर झालं तरी मासे लगेच जगत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषच. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानानं सौम्य. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. अहो, दुधात विरजण घातलं की लगेच झाकण काढून दही मागतो का आपण? तसंच हे. महिना-दीड महिना नुसतं पाणी फिरत ठेवायचं, तपासणीच्या थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेलं बघायचं आणि मग एखादाच मासा सोडायचा.

आमटी आटली तर?

पाणी उडून कमी होतं तेव्हा पुन्हा खारं पाणी ओतणं ही माझी दुसरी चूक. आमटी आटली की खारट होते आणि आपण तिच्यात साधं पाणी घालतो, हे रोज करणाऱ्या मला टाकीपुढं उभं राहिल्यावर सुचलं नाही! मीठ उडत नाही, पाणी उडतं. म्हणून रोजची भर गोड्या शुद्ध पाण्याची. खारं पाणी फक्त पंधरा दिवसांनी, दहावा हिस्सा जुनं पाणी काढून त्याच्या जागी घालायचं.

तिसरी चूक प्रेमाची. सासूबाईंनी एकदा चांगल्या मनानं तांब्याच्या हंड्यातलं पाणी टाकीत ओतलं. आपल्याला मानवतं ते कोळंबीला मानवत नाही. तांबं अगदी थोडंसं उतरलं तरी कोळंबी आणि गोगलगायींना ते घातक ठरतं. टाकी साफ करायला ठेवलेल्या माझ्या दोन्ही लाल कोळंब्या त्यात गेल्या. तेव्हापासून टाकीची बादली आणि मग वेगळे, त्यांना साबणसुद्धा लावायचा नाही. जवळपास डासांचा फवारा नाही, आणि गणपतीत धुपाटणं पलीकडच्या खोलीत.

ती रात्र

२६ जुलै २००५ तुम्हांलाही आठवत असेल. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमच्याकडे दुपारीच वीज गेली. हे मुंबईत ऑफिसात अडकलेले, फोन लागत नव्हता. घरात मी, सासूबाई आणि शाळकरी मुलगी. पंप बंद पडला की पाण्यात प्राणवायू मिसळायचा थांबतो. तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडू लागले.

मी स्टुलावर चढून मगानं पाणी काढायचं आणि उंचावरून धार धरून परत टाकीत सोडायचं, असं सुरू केलं. रात्री दहाला हात भरून आले. सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सर बाजूला. तो कुठं अडकलाय, त्याला आपण काही करू शकत नाही. ह्यांना तरी करू." मेणबत्तीच्या उजेडात आम्ही दोघी आळीपाळीनं पहाटेपर्यंत पाणी ओतत राहिलो. हे दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलानं माखून घरी आले, तेव्हा आधी त्यांच्याकडे बघून रडू आलं आणि मग टाकीकडे बघून. क्लाउनफिशची जोडी वाचली होती. निळा सर्जनफिश गेला. खरं सांगायचं तर तेवढ्या टाकीत तो मोठा मासा मी आणायलाच नको होता. आता बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मी घरात मेणबत्तीसारखा कायम ठेवते. आणि वीज गेली की माशांना खायला घालत नाही.

चिंगी आणि बंड्या

वाचलेली जोडी ती चिंगी आणि बंड्या. मोठी चिंगी, छोटा बंड्या. ह्या माशांच्या घरात कारभार बाईचा! सगळे जन्मतात नर म्हणून. त्यांतला सर्वांत मोठा आणि वरचढ असतो तो मादी होतो. मादीनं दगडावर अंडी घातली की नर पंखांनी त्यांना वारा घालत आठवडाभर राखण करतो. हे दृश्य मी ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवते. २०१६ साली चिंगी गेली. त्यानंतर काही महिन्यांत बंड्याच मादी झाला आणि लहानसा नवा जोडीदार मिळताच अंडीही घालू लागला. एवढासा मासा, पण सांभाळलं तर वीस वर्षंही जगतो.

पोवळं समुद्रातच बरं

आता पाहुण्यांचा तिसरा प्रश्न. "प्रवाळ का नाही ठेवलं?" पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला खडा आठवतो, पण प्रवाळ हा प्राणी आहे. असंख्य इवले जीव मिळून चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि तेच त्यांना रंग नि अन्न पुरवतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी आठवडेच्या आठवडे तापलं, तर ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८ साली लक्षद्वीपचं पुष्कळ प्रवाळ असंच गेलं. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे.

एकदा एका दुकानदारानं मला कागदात गुंडाळलेला तुकडा हळूच दाखवला. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच ह्यांना. जिवंत असो की सुकलेलं, विकत घेणं गुन्हाच. कायदा राहू द्या. टाकीचं पाणी दोन अंशांनी तापलं तर मी मे महिन्यात पंखे लावून धावपळ करते. समुद्रासाठी पंखा कुठून आणणार? म्हणून माझ्या टाकीत भाजलेल्या मातीचे दगड आहेत. त्यांवर जांभळट शेवाळ चढलं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

मासेही टाकीत वाढवलेलेच मागा. क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायकाच असे मासे वाढवून चार पैसे मिळवतात. समुद्रातून धरलेल्या माशापेक्षा हा मासा टाकीत लवकर रुळतो.

सासूबाई आता नाहीत. शेवटच्या वर्षी त्यांची खुर्ची टाकीसमोरच असायची. "तुझ्या माशांनी मला धीर धरायला शिकवलं," असं त्या म्हणायच्या. मुलीनं परवा तिच्या नव्या घरासाठी टाकी घेतली आणि फोन केला, "आई, मासे कधी आणू?"

मी म्हटलं, "अगं, आधी दीड महिना नुसतं पाणी बघ."

तुम्हांलाही माझं तेच सांगणं आहे. नुसत्या पाण्याकडे बघत दीड महिना काढता आला, तर पुढचं सगळं जमतं.