द्राक्षाचा चोथा आणि क्रीट बेटावरील त्सिकुदिया

क्रीट हे भूमध्य समुद्रातील ग्रीस देशाचे सर्वांत मोठे बेट होय. तेथील जमीन डोंगराळ व उन्हाळा कोरडा असून द्राक्षे आणि ऑलिव्ह ही शेतकऱ्यांची जुनी पिके आहेत. द्राक्षरसाची वाइन केल्यावर साली व बिया यांचा चोथा मागे उरतो. तेथील शेतकरी तो वाया जाऊ देत नाही. त्यापासून तो ‘त्सिकुदिया’ नावाचे मद्य गाळतो. त्यास ‘राकी’ असेही म्हणतात.

द्राक्षांचा हंगाम संपल्यावर चोथा पिंपात भरून सुमारे ४० दिवस आंबवितात. पिंपाचे तोंड घट्ट बंद ठेवावे लागते. हवा लागल्यास चोथा आंबट होतो व त्यावर बुरशी चढते. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो तांब्याच्या भट्टीत मंद आंचेवर तापवितात. या भट्टीस ‘कझानी’ म्हणतात. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याच्या आधी, उकळतो. त्याची वाफ थंड पाण्यातून जाणाऱ्या नळीत निवते व थेंबाथेंबाने भांड्यात उतरते. आंच वाढल्यास तळाचा चोथा करपून मद्य बिघडते.

भट्टी पेटली की शेजारीपाजारी व सोयरे तेथे जमतात. निखाऱ्यांत बटाटे भाजले जातात. डाळिंबे, ऑलिव्ह व भाजलेले मांस वाटले जाते. लीरा हे तंतुवाद्य वाजते. एरवीही पाहुण्यापुढे छोटा पेला ठेवणे हे तेथे आतिथ्याचे लक्षण मानतात. वर्षभराच्या कष्टानंतर गाव एकत्र येण्याचे हे निमित्त असते.

हा व्यवहार चोरून चालत नाही. ग्रीसच्या कायद्याने द्राक्ष-उत्पादकांना ठराविक मुदतीपुरते गाळप करण्याची मुभा दिली. म्हणून त्यांना ‘दोन दिवसांचे’ गाळपकर्ते असे नाव पडले. त्यांच्या मद्यावर करही अल्प होता. परंतु ही करसवलत युरोपीय संघाच्या नियमांत बसत नाही, असा निर्णय संघाच्या न्यायालयाने ११ जुलै २०१९ रोजी दिला. 

येथे एक धोका ध्यानात घ्यावा. द्राक्षाच्या सालीतील पेक्टिनपासून मिथेनॉल हे विष तयार होते. पहिली धार फेकली की ते सर्व निघून जाते, हा समज चुकीचा आहे. ते पुढच्या धारेतही उतरते. म्हणूनच युरोपीय संघाने चोथ्याच्या मद्यातील मिथेनॉलला कमाल मर्यादा घातली आहे. मिथेनॉलचे प्रमाण वाढल्यास दृष्टी जाते व मृत्यूही ओढवतो.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये विनापरवाना मद्य गाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा क्रीटची भट्टी येथे आणावयाची नाही; घ्यावयाची ती तेथील काटकसर. नाशिक भागात वाइन-कारखान्यांतून निघणारा चोथा शेण व पालापाचोळा यांत मिसळून नीट कुजविल्यास त्याचे चांगले खत होते. तो ओला व आम्लधर्मी असतो, तसेच बिया उशिरा कुजतात. म्हणून ढीग वेळोवेळी खालीवर करावा आणि कच्चे खत पिकास देऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही कृती शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवून द्यावी. द्राक्षवेलीने जमिनीतून घेतलेल्या अन्नांशाचा काही भाग अशा रीतीने पुन्हा जमिनीस मिळेल.