घुगरी-टोपली आणि केसांची मुळे

संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान ठरलेल्या पोहरादेवी (ता. मानोरा, जि. वाशिम) येथे वृद्ध स्त्रियांच्या कानशिलांवर घुगरी-टोपली, म्हणजे केसांच्या बटांत गुंफून गालांवर सोडलेले विवाहितेचे देखणे दागिने, आजही दिसतात. हा भार कानांना नव्हे, तर केसांना पेलावा लागतो; सततच्या ओढीने मुळे दुबळी होऊन केस विरळ होणे, म्हणजेच कर्षणजन्य केशगळती, आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्येही घट्ट वेण्यांमुळे आढळते. परंपरा जपावीच, मात्र वेणी सैल घालावी आणि टाळू दुखताच दागिने उतरवावेत, कारण ओढ वर्षानुवर्षे राहिल्यास गेलेले केस परत येत नाहीत.