गावचा अनुभव आणि कायद्याचे नियतकालिक

आमच्या मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत पावसाळ्यात साप निघणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या काकांना असाच साप चावला. एका दवाखान्याने दुसऱ्याकडे धाडले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. काका वाचले, पण त्या रात्रीचा राग पोराच्या मनातून जाईना. "सर, मी हे लिहून छापून आणतो," तो म्हणाला. मी म्हटले, "काहून नाही? लिही." पण मी वकील नव्हे, राज्यशास्त्र शिकवणारा मास्तर. कुठे पाठवायचे आणि कसे, हे आम्हां दोघांनाही शिकावे लागले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

कायद्याच्या जगात एक मौजेची चाल आहे. तिथली कित्येक नामांकित नियतकालिके प्राध्यापक नव्हे, विद्यार्थी चालवतात. अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १८८७ साली असे एक नियतकालिक काढले. ते अजून चालू आहे. सेंट लुइस आणि ह्यूस्टन येथील विद्यापीठांत तर केवळ आरोग्याचा कायदा आणि धोरण या विषयाला वाहिलेली विद्यार्थ्यांची नियतकालिके आहेत. आपल्याकडे बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलसारख्या संस्थांतही हा पायंडा पडला आहे. लेख वाचणारे, निवडणारे, एकेक तळटीप पडताळणारे हे विशी-बाविशीतले विद्यार्थीच. पुष्कळ ठिकाणी लेखकाचे नाव झाकूनच लेख वाचला जातो. तेव्हा लेखक मोर्शीचा की मुंबईचा, हा प्रश्नच उरत नाही.

आमच्या विद्यार्थ्याने नऊ पाने लिहून पाठवली. ती परत आली, आणि सोबत तीन प्रश्न आले. दवाखान्यावर कायद्याने नेमके कोणते कर्तव्य होते? किती वाजता कुठे पोचलात, याला कागद कोणता? आणि ज्यांच्याविषयी लिहिता, त्यांची संमती घेतली काय?

पहिला प्रश्न घ्या. "अन्याय झाला" एवढे म्हणून कायद्याचा लेख होत नाही. आधार दाखवावा लागतो. तो आम्हांला १९९६ च्या एका निकालात सापडला. पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेचे सभासद हकीम शेख १९९२ साली आगगाडीतून पडले. डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखाने फिरले, पण जागा किंवा सोय नाही म्हणून कुठेच दाखल झाले नाहीत. शेवटी खाजगी दवाखान्यात सुमारे १७,००० रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जिवावर बेतलेल्या माणसाला सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब चालणार नाही. शेख यांना २५,००० रुपये भरपाई मिळाली.

आता लेखाला प्रश्न मिळाला : १९९६ चा हा निकाल आपल्या वावरापर्यंत पोचला काय? सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हे विषय संविधानाच्या राज्यसूचीत येतात. म्हणून उपाय सुचवायचा तो राज्य सरकारला उद्देशून, हेही ठरले.

दुसरा प्रश्न कागदांचा. केस पेपर, पुढे पाठवल्याची चिठ्ठी, रुग्णवाहिकेची नोंद, औषधाच्या पावत्या हे सारे जपून ठेवावे. सरकारी दवाखान्यात लस किती होती, डॉक्टरांच्या जागा किती भरलेल्या होत्या, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारता येते. जे केवळ आठवते, ते "आठवणीप्रमाणे" असेच लिहावे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. शहरात रोग्याचे नाव गाळले की झाले. खेड्यात तेवढ्याने भागत नाही. "अमक्या गावचा, बागवाला, वय पंचावन्न" म्हटले की सारा तालुका ओळखतो. म्हणून संमती तर घ्यावीच, आणि गाव, वय, तारीखही झाकावी. काकांची संमती घेऊनच मीही हे बोलतो आहे.

बाकीचे नियम सोपे आहेत. पाठवण्यापूर्वी नियतकालिकाचे आवाहन नीट वाचावे : शब्दमर्यादा, गोषवारा, तळटिपांची पद्धत, शेवटची तारीख. पूर्ण लेख झेपत नसेल तर एकाच निकालावरचे छोटे टिपणही पुष्कळ जण घेतात. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव द्यावे. एकच लेख दोन ठिकाणी धाडण्यापूर्वी तशी मुभा आहे का, ते पाहावे. आणि "पैसे भरा, आठवड्यात छापतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. तिथे लेख कुणी तपासत नाही. बहुतेक नियतकालिके इंग्रजीत आहेत खरी. पण विचार आधी मराठीत पक्का करावा, मग इंग्रजीचे बघावे.

नऊ पानांची पाच झाली, आणि लेख छापून आला. काकांनी तो उलटून पालटून पाहिला अन् विचारले, "काहून रे, माहं नाव कुठीच दिसत नाही?" पुतण्याने त्यांना कारण समजावले. मग काकांनी घरातली औषधाची चिठ्ठी नि चिठ्ठी एका पिशवीत भरून ठेवली. शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गातही अशी पिशवी घरी असलेला एखादा विद्यार्थी असेल. त्याला ते तीन प्रश्न विचारा, आणि लिहायला बसवा.