कर्नलमधील कालगणक : विलंब आणि ओव्हरफ्लो

प्रस्तावना

शालिवाहन शकाच्या वर्षांना प्रभव ते क्षय अशी ६० संवत्सरनामे असून ती चक्राकार फिरतात. शके १९०८ हे क्षय नावाचे साठावे, तर शके १९११ हे शुक्ल नावाचे तिसरे संवत्सर होते. निव्वळ क्रमांक पाहिल्यास ३ हा ६० पेक्षा लहान; म्हणून शुक्ल आधीचे ठरेल. पंचांग जाणणारा अशी चूक करीत नाही. कर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रामरकडून मात्र ती सहज घडते.

विवेचन

लिनक्स कर्नलमध्ये घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास ‘जिफीज’ हा गणक १ ने वाढतो. इंटेल संगणकांवर २.४ मालिकेत सेकंदाला १०० ठोके पडत, २.६ च्या आरंभी ते १००० झाले. ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९५ नंतर शून्यावर येतो. म्हणजे पूर्वी ४९७ दिवसांनी येणारा ओव्हरफ्लो ४९.७ दिवसांवर आला.

विलंबासाठी चालू गणनात ठोके मिळवून मुदत ठरवितात. मुदतीची बेरीज शून्यापलीकडे गेली, तर साध्या तुलनेत ती तत्काळ संपल्यासारखी दिसते व उपकरणास वेळच मिळत नाही. उलट, मुदत कमाल अंकाजवळ असताना तपासणीपूर्वीच गणक उलटला, तर प्रतीक्षा जवळजवळ ४९ दिवस लांबते.

यावरील उपाय म्हणजे अंकांची तुलना न करता वजाबाकी करणे. ३ वजा ६० म्हणजे −५७; त्यात ६० मिळविल्यास ३. हे अंतर ३० पेक्षा कमी, म्हणून शुक्ल नंतरचे. ‘टाइम आफ्टर’ हा मॅक्रो चिन्हयुक्त वजाबाकीने हेच करतो. मात्र खरे अंतर अर्ध्या चक्रापेक्षा, म्हणजे १००० ठोक्यांच्या हिशेबाने सुमारे २४.८ दिवसांपेक्षा, कमी असावे लागते. अध्यापनात मॅक्रो पाठ होतो, ही अट राहून जाते.

भारनियमनाच्या काळात परभणीसारख्या जिल्ह्यात संगणक ५० दिवस अखंड चालणे कठीणच. त्यामुळे असा दोष दडून राहणे स्वाभाविक होते. लिनक्सने यावर नामी युक्ती योजली. गणकाचा आरंभ शून्याऐवजी ओव्हरफ्लोच्या ५ मिनिटे आधीच्या अंकापासून केला, जेणेकरून सदोष ड्रायव्हर लगेच उघडा पडावा. ६४ बिटांच्या संगणकात हा प्रश्न व्यवहारतः उरत नाही. ३२ बिटांच्या एम्बेडेड उपकरणांत तो आजही आहे.

प्रात्यक्षिकासाठी ८ बिटांचा गणक पुरेसा आहे. सेकंदाला १०० ठोके धरल्यास तो २.५६ सेकंदांत उलटतो. १ सेकंदाचा विलंब वजाबाकीच्या नियमाने अचूक मिळतो. २ सेकंदांचा मागितल्यास अर्ध्या चक्राची मर्यादा ओलांडली जाते आणि प्रतीक्षा सुरू होताच संपते.