भर उन्हातला पडदा

पाचोरा तालुक्यातील काळ्या जमिनीत कपाशी कमरेला लागली, म्हणजे भाद्रपदाच्या सुमारास खातेदाराच्या मागे एक सरकारी काम लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर अमलात आलेल्या ई-पीक पाहणीच्या तजविजीप्रमाणे, सातबाऱ्यावरील पेऱ्याच्या नोंदीसाठी तलाठ्याची वाट न पाहता, शेतकऱ्याने आपणच मोबाइल ॲपवर गट नंबर निवडून, पीक व क्षेत्र भरून, शेतात उभे राहून छायाचित्र काढावयाचे असते. म्हणजे ओसरीत बसून हा दस्तऐवज पुरा होत नाही.

गिरणाकाठच्या एका शिवारात हे काम चालले असता माझे लक्ष पिकापेक्षा फोनच्या पडद्याकडेच अधिक गेले. माध्यान्हीचे निरभ्र ऊन सुमारे एक लाख लक्स भरते, तर दिवा लावलेल्या खोलीत दोन-तीनशे लक्सही पुष्कळ झाले. आणि एवढ्या अंतरात एकच काच वाचनीय ठेवण्याचा कारभार पडद्याच्या वरच्या कडेला बहुधा दडलेल्या एका इवल्याशा प्रकाशसंवेदकाकडे सोपविलेला असतो.

“अरे, काहीच दिसत नाही, हात धर वर,” शेताचे खातेदार नाना म्हणाले. पुतण्याने तळहात आडवा धरला, तो पडदा अधिकच मंदावला. कारण पडद्यावरील भरावयाच्या चौकटी खाली उन्हातच राहिल्या, सावली मात्र नेमकी संवेदकावर पडली, आणि त्या आज्ञाधारक कारकुनाने ऊन ओसरल्याची नोंद करून तेजाची मंजुरी घटविली. पोराने चिडून ऑटो ब्राइटनेस बंद केला, तेजाची पट्टी उजव्या टोकापर्यंत ओढली, तरी अक्षरे स्पष्ट होईनात. येथे गोम अशी की, पुष्कळ फोनांत भर उन्हासाठी राखलेले जादा तेज हाताने पट्टी ओढून मिळतच नाही. ते स्वयंचलित व्यवस्थेच्याच हुकमाने खुले होते. हा बंदोबस्त मला मुळीच अन्यायाचा वाटत नाही, कारण सदासर्वदा तेवढे तेज दिले तर बॅटरी व पडदा दोहोंची झीज ठरलेली; पण फोन विकणाऱ्याने तो गिऱ्हाइकाला सांगावयास हवा.

उष्णतेचा मामला निराळाच. ॲपल आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअसचे हवामान योग्य मानते, आणि खानदेशात वैशाखात पारा ४५ ओलांडतो. फोन तापला की स्वसंरक्षणार्थ तेज आपोआप उतरते, आणि तेथे कोणतीच पट्टी कामास येत नाही.

तेव्हा बांधावर जाताना फोन उन्हात न ठेवता सावलीत ठेवावा, ऑटो ब्राइटनेस चालू राहू द्यावा, वरची कड बोटांनी झाकू नये, आणि सावली करावयाचीच तर उन्हाकडे पाठ करून सबंध अंगाची करावी.